सोळा राखीव आणि सव्वा व्होल्ट

बाजारात त्यांना सगळे दोनशेतीस म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवले: लोखंडी पेटी, आत तांब्याच्या तारेची गुंडाळी, दर्शनी बाजूला एक काटा. बाहेरून एकशेऐंशी व्होल्ट येवोत नाहीतर दोनशेसाठ, त्यांच्या पेटीचा काटा दोनशेतीस सोडून इकडेतिकडे बघायचा नाही. एखादं गिऱ्हाईक म्हणालंच, "काका, दोन-चार व्होल्टांनी असं काय बिघडतंय?" तर ते पेटी उचलून पुन्हा फळीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "ज्याला दोन-चार चालतात, त्याला उद्या चाळीस चालतील. तुम्ही दुसरं दुकान बघा."

घरीही तीच तऱ्हा. जेवताना दिवा किंचित मंद झाला की हातातला घास ताटात आणि मीटर हातात. त्यांच्या बायकोने या स्वभावाशी केव्हाच तह केला होता. "ह्यांना ताप आला तर आकडा मोठ्याने सांगू नका," ती डॉक्टरांना बजावायची, "तापाने नाही, आकडा हलल्याच्या धक्क्याने जातील."

दुकान बंद करून दोन वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी बस डेपोत वेळापत्रकं करायच्या कामावर होती. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणत. आता दिवसभर खुर्चीत बसून काम करत होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

शुक्रवारी दुपारी पाऊण वाजता तिचा फोन आला.

"बाबा, गेला."

"कोण गेलं?" दोनशेतीस खुर्चीतून उठले.

"कॉम्प्युटर. चौथ्यांदा. टप्प झालं आणि सगळं थंड. चार वाजायला सव्वातीन तास उरलेत."

"कशालाही हात लावू नकोस. निघालोच."

"हात लावायला काही चालू असायला हवं ना," भिंगरी म्हणाली. आवाज हसरा होता, पण ते हसू कडेला जरासं उसवलेलं होतं. बापाला ते ऐकू आलं.

चार वाजता काय होणार होतं, ते डेपोत सगळ्यांना पाठ होतं. दर सहा महिन्यांनी बेचाळीस ड्रायव्हरांचं नवं वेळापत्रक फळ्यावर लागायचं: कोणी कुठल्या रस्त्यावर, कुठल्या पाळीला, सुट्टी कुठल्या वारी. आजवर ते टाइमकीपर साहेब हाताने करत, रंगीत कागदाच्या पट्ट्या एका मोठ्या तक्त्यावर सरकवून. पट्ट्या इतक्या गुंतलेल्या की एक हलवली तर नऊ हलवाव्या लागत. म्हणून गेली कित्येक वर्षं साहेब कुठलीच हलवत नव्हते. वरची तारीख तेवढी बदलत. भिंगरीने मात्र या खेपेला बेचाळीस जणांकडे जाऊन प्रत्येकाला हवी ती सुट्टी, पाळी विचारली होती आणि भर चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर शब्द दिला होता: "या वेळी प्रत्येकाचं मागणं बसवून दाखवते."

साहेब म्हणाले होते, "बसव की. शुक्रवारी चारच्या ठोक्याला मी फळ्यावर कागद लावतो. तुझा तयार असला तर तुझा. नाहीतर माझा."

साहेबांचा कागद ड्रॉवरमध्ये तयार होता. तारीख बदलून.

हे गणित सोडवणारा प्रोग्राम भिंगरीने स्वतः लिहिला होता. पण ऑफिसातला कॉम्प्युटर एक पत्र टाइप करतानाही धापा टाकायचा. म्हणून बाप पुढे झाला. "मी बांधतो तुला मशीन. आपलंच." आणि महिनाभर खपून, एकेक भाग निवडून, त्यांनी ते बांधलं होतं. आयुष्यभर दोनशेतीसशी संसार केलेल्या माणसाला पहिल्यांदा कळलं, की कॉम्प्युटरचा मेंदू, तो प्रोसेसर, फक्त सव्वा व्होल्टावर जगतो.

"सव्वा!" ते बायकोला म्हणाले होते. "एवढ्याने झुरळालासुद्धा गुदगुल्या व्हायच्या नाहीत."

पण माहितीपत्रकाचं पुढचं पान वाचलं तेव्हा ते खुर्चीत सरळ बसले. व्होल्ट सव्वाच, पण प्रवाह दीडशे अँपिअर! कोपऱ्यावरचा वेल्डर तेवढ्यात लोखंड जोडतो. आणि तोही सतत नाही. प्रोसेसरच्या आत सोळा कामगार. ते रिकामे असले तर प्रवाह दहा-पंधरा अँपिअर, आणि सोळाच्या सोळा एकदम कामाला भिडले की डोळ्याची पापणी लवायच्या आत दीडशे. प्रोसेसरच्या भोवती बसवलेली चिमुकली गुंडाळ्यांची आणि कपॅसिटरची रांग बारा व्होल्टांचे सव्वा व्होल्ट करून हे सगळं त्याला पुरवते. म्हणजे काय, तर नखाएवढे स्टॅबिलायझर! दोनशेतीसांना आपली बारीक बारीक नातवंडं भेटल्यासारखं झालं.

त्या नातवंडांची एक खोड त्यांना खटकली. काम वाढलं की व्होल्टेज जरासं खाली बसायचं. सव्वाचं एक पूर्णांक अठरा वगैरे. मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये या वाकण्याच्या आठ पायऱ्या दिलेल्या होत्या: पहिलीवर सगळ्यात जास्त वाकणार, आठवीवर काठीसारखं ताठ. कारखान्यातून ते तिसऱ्या पायरीवर आलं होतं.

"कामचुकारपणा," दोनशेतीस म्हणाले, आणि त्यांनी ते आठवर नेऊन ठेवलं. मग मीटर लावून पाहिलं. रिकामा प्रोसेसर, एक पूर्णांक पंचवीस. भरलेला प्रोसेसर, एक पूर्णांक पंचवीस. त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा जास्त प्यायला.

डेपोत पोचेपर्यंत एक वाजला. वेळापत्रकाची खोली म्हणजे लांबट, एका खिडकीची; खिडकीतून बसगाड्यांचं आवार दिसायचं. एका टोकाला साहेबांचा पट्ट्यांचा तक्ता, दुसऱ्या टोकाला भिंगरीचं टेबल, मधे प्रिंटर आणि चहाचा थर्मास. साहेब खुर्चीत पाय लांब करून बसले होते. मनगटावर घड्याळ, भिंतीवर घड्याळ, आणि दोन्हीत सेकंदाचाही फरक नाही.

"या दोनशेतीस," साहेब म्हणाले. "तुमच्या लेकीचं मशीन माझ्यासारखंच आहे. जेवणाची वेळ झाली की काम बंद."

"साहेब, तुम्ही सकाळी काम सुरू तरी कधी करता?" भिंगरी म्हणाली.

"बघा, बघा. चार वाजता हिचा हा आवाज राहतो का बघू."

दोनशेतीसांनी पेटी उघडली. याआधी काय काय केलं नव्हतं? दुसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा मोठा वीजपुरवठा बसवला. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा नवा पंखा. आता त्यांनी एकेक जोड चाचपला, हुंगला, मीटर लावला. बटण दाबताच मशीन शहाण्या मुलासारखं सुरू झालं. कुठे जळका वास नाही, काही सैल नाही. मीटरवर एक पूर्णांक पंचवीस, दगडावरची रेघ.

"वीज चोख आहे," ते म्हणाले. त्यांना बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

भिंगरीने प्रोग्राम पुन्हा सुरू केला. पंख्यांचा आवाज चढला. पडद्यावर आकडा आला: अडचणी बाकी, १६३. अडचण म्हणजे एक ड्रायव्हर एकाच वेळी दोन गाड्यांवर, किंवा एखादी गाडी ड्रायव्हरविना, किंवा कोणाचं मागणं डावललेलं. अशी एकही उरली नाही की वेळापत्रक बसलं. एक जरी उरली तर कागदाला किंमत नाही. अर्ध्या वेळापत्रकावर अर्धी बस सोडता येत नाही. आकडा खालीवर नाचत उतरायचा. प्रोग्राम दर वेळी वेगळ्या टोकाने सुरुवात करायचा, म्हणून कधी किती वेळ लागेल ते त्यालाही ठाऊक नसायचं.

"आधीच्या चार वेळा किती वेळाने पडलं?" बापाने विचारलं.

तिने वही पुढे केली. तिला लहानपणापासून सगळं लिहून ठेवायची सवय. दोन तास दहा मिनिटं. दोन पन्नास. दोन पंचवीस. दोन चाळीस. त्याच्यापुढे आणखी एक रकाना होता, पडण्याआधी दिसलेल्या शेवटच्या आकड्याचा: १, १, २, १.

"हातातोंडाशी आलेला घास, बाबा. चारही वेळा."

"तापत असणार," दोनशेतीस म्हणाले. "दोन-अडीच तासांनी काहीतरी तापतंय." त्यांनी प्रोसेसरवरच्या धातूला बोट लावलं. कोमट होता. तरीही त्यांनी साहेबांचा टेबलफॅन ओढून मशीनकडे वळवला.

"घ्या," साहेब म्हणाले, "माझा वारापण गेला."

अडीच वाजेपर्यंत आकडा अठरावर आला होता. खोलीत बसून त्याच्याकडे टक लावून बघणं म्हणजे उकळत्या दुधाजवळ उभं राहणं. तेवढ्यात आवारातून आरोळी आली. अकरा नंबरच्या रस्त्यावर गाडी चालवणारा ड्रायव्हर खिडकीत उभा होता. सगळे त्याला अकराच म्हणत. त्याची बायको सहा नंबरच्या रस्त्यावर ड्रायव्हर, तिला सहा.

"साहेब, सहाच्या गाडीची बॅटरी बसली. धक्का द्यायला माणसं हवीत. ताई, झालं का हो आमचं?"

"अठरा अडचणी उरल्यात."

"त्यातली एक आम्हीच असणार," अकरा म्हणाला. "अकरा वर्षं लग्नाला झाली, अजून एक सुट्टी एका वारी नाही. तिची मंगळवारी, माझी शनिवारी. ही म्हणते, आपलं भांडणसुद्धा आठवडाभर पुरवून पुरवून करावं लागतं."

दोनशेतीस बाह्या सरसावून बाहेर पडले. बसून राहण्यापेक्षा हे बरं.

गाडीमागे नऊ जण उभे राहिले. अकराची बायको सहा आत, स्टिअरिंगवर, आरशातून ओरडली, "ढकला रे, जेवलायत ना सगळे!" दोनशेतीसांनी दोन्ही तळवे पत्र्यावर टेकले, कोपरं ताठ केली, सगळं अंग झोकून दिलं. गाडी हलली, जराशी पळायला लागली. मग सहाने क्लच सोडला आणि ती एकदम हत्तीसारखी जड झाली. दोनशेतीसांनी दात-ओठ खाल्ले, होता नव्हता तेवढा जोर लावला. आणि त्याच क्षणी इंजिन पकडलं. गाडी पुढे उडाली. ज्या वजनाला ते रेलले होते ते वजनच जागेवर नव्हतं. चार पावलं हवेत हातपाय मारत दोनशेतीस पुढे धावले आणि पाचव्याला साष्टांग आडवे झाले.

"काका!" अकरा धावला. तो त्यांच्या शेजारीच ढकलत होता, पण जिथल्या तिथे उभा होता. "लागलं का?"

"तू कसा नाही पडलास?" दोनशेतीसांनी जमिनीवरूनच विचारलं.

"अहो, ढकलताना कोपरं जरा वाकवून ठेवायची. गाडी कधी पळेल त्याचा नेम नसतो. जड असते तोवर माणूस पडत नाही, ती सुटते तेव्हा पडतो. ताठ राहिला की गेलाच."

दोनशेतीस उठून बसले. तळहात खरचटला होता, त्यावर वाळूचे कण रुतले होते. ते त्या कणांकडे बघत राहिले. एक, एक, दोन, एक. मशीन तापून पडत नव्हतं. भाराखाली पडत नव्हतं. भार सुटल्यावर पडत होतं.

"हात द्या, काका. काय झालं? हसताय काय?"

"अरे, मी पडलो!" दोनशेतीस म्हणाले, आणि लंगडत, धूळ झटकायचंही विसरून, वेळापत्रकाच्या खोलीकडे पळत सुटले.

भिंतीवरच्या घड्याळात दोन पन्नास. पडद्यावर अडचणी बाकी, ६.

"भिंगरे, ते काम करता करता पडत नाही. काम संपलं म्हणून पडतं!"

"बाबा, तुमच्या हाताला—"

"हात मरू दे. ऐक. तुझं उत्तर चारही वेळा सापडलं होतं. उत्तर सापडलं की सोळाच्या सोळा कामगार एकदम हात झटकून मोकळे होतात. दीडशे अँपिअरचा भार एका झटक्यात जातो. मागून व्होल्टेज जोर लावून ढकलतंय, समोर ढकलायला काही नाही. ते वर उसळतं, मर्यादेबाहेर जातं, आणि प्रोसेसर जळू नये म्हणून बोर्ड वीज तोडतो. उत्तर डिस्कवर लिहून प्रिंटरकडे पाठवायच्या आत."

भिंगरी वहीकडे बघत होती. एक, एक, दोन, एक. "पण तुमच्या मीटरवर तर काहीच—"

"मीटर सेकंदातून तीनदा बघतो. हा खेळ सेकंदाच्या लाखाव्या भागात होतो. त्याला काय दिसणार, कपाळ!" दोनशेतीस थांबले. चाळीस वर्षं त्यांनी पुढचं वाक्य कुठल्याही गिऱ्हाइकासमोर उच्चारलं नव्हतं. "चूक माझी आहे. कारखान्याने तिसरी पायरी दिली होती. भार असताना व्होल्टेज जरा वाकलेलं असलं, की भार सुटल्यावर वर यायला त्याला जागा असते. मी कोपरं ताठ केली. आठवर."

साहेबांनी चहाचा कप तोंडापर्यंत नेऊन तसाच धरला होता.

"मग ते तीनवर आणा," साहेब म्हणाले.

"त्याला मशीन बंद करून परत चालू करावं लागतं. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. दोन तास."

तीन वाजायला आठ मिनिटं. अडचणी बाकी, ५. म्हणजे आता गंमत अशी होती, की प्रोग्राम हरला तरी भिंगरी हरणार, आणि जिंकला तर त्याच क्षणी हरणार.

"हळू जिंक म्हणून त्याला सांगता येत नाही का?" साहेबांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"सोळाही एकदम मोकळे झाले नाहीत तर चालेल," दोनशेतीस पुटपुटले. "कोणीतरी गाडीला हात लावून राहिलं पाहिजे."

भिंगरीने खिडकीतून बाहेर बघितलं. आवारातल्या बाकावर दोन राखीव ड्रायव्हर पत्ते खेळत होते. रोज दोन जण राखीव असत. कामावर हजर, पण कामाशिवाय. कोणी आजारी पडलं, कोणाला उशीर झाला, की हातातले पत्ते टाकून हे त्या गाडीवर चढायचे; उतारूंना कळायचंही नाही की ड्रायव्हर बदलला.

"राखीव!" भिंगरी ओरडली, आणि खुर्ची अशी काही फिरवली की तिचं नाव सार्थ झालं.

"काय?"

"बाबा, मी सोळा राखीव बसवते. दुसरा प्रोग्राम, एवढासाच. काम काय, तर एक, दोन, तीन मोजत राहायचं, गुणाकार करत राहायचे, उत्तराशी देणंघेणं नाही. त्यांना सगळ्यात खालचा मान द्यायचा: दुसरं कोणी काम करत असेल तर गप्प बसायचं, जागा रिकामी झाली की त्या क्षणी चढायचं. माझा प्रोग्राम संपला की सोळा उतरतील आणि सोळा चढतील. भार जाणारच नाही!"

"बडव," दोनशेतीस म्हणाले. "बडव लवकर."

ती कीबोर्ड बडवू लागली. अडचणी बाकी, ३. दोनशेतीस तिच्या खुर्चीमागे उभे राहून, खरचटलेला हात दुसऱ्या हाताने धरून, मशीनशी बोलत होते. "दमानं घे बाबा. घाई नाही. तुला कुठे गाडी पकडायचीय?" अडचणी बाकी, ४. "शाब्बास! अशीच चूक कर." खिडकीत अकरा येऊन उभा राहिला होता; त्याच्या खांद्यामागून सहाचं डोकं. गाडी तशीच चालू ठेवून ती आली होती.

"काय चाललंय?" सहाने विचारलं.

"ताई जिंकू नये म्हणून काका प्रार्थना करतायत," अकरा म्हणाला.

अडचणी बाकी, २. भिंगरीची बोटं एकदा चुकली. तिने एक ओळ खोडली, पुन्हा लिहिली. एंटर. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडली: राखीव, १६. हजर.

अडचणी बाकी, १.

"बसले," ती म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवले.

मग काहीच झालं नाही. पंखे एका सुरात घोंगावत राहिले. तीन वाजून गेले, सव्वातीन झाले. एकाचे तीन झाले, तिनाचे दोन. साहेबांनी ड्रॉवर उघडून आपला कागद टेबलावर ठेवला, शेजारी चार टाचण्या. खिडकीत आता सात-आठ जण होते. सहाने सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं आणि स्वतःच बोलत राहिली. "आपण दोघं शेवटचं एकत्र कुठे गेलो होतो रे?"

"दातांच्या डॉक्टरकडे. तुझी दाढ."

"छान गेला होता तो दिवस," सहा म्हणाली.

तीन बत्तीस. दोनशेतीसांना पंख्यांच्या आवाजाचा एवढा सराव झाला होता, की त्यात केसभर फरक पडला असता तरी त्यांना कळलं असतं. फरक पडला नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. तेवढ्यात साहेब तिरसटून म्हणाले, "प्रिंटर कोणी चालू केला? माझे कागद आहेत ते."

कोणीच चालू केला नव्हता.

प्रिंटरने घसा खाकरला, एक कागद ओढून घेतला आणि दुसऱ्या बाजूने हळूहळू बाहेर सोडला. सगळे त्या कागदाकडे, मग पडद्याकडे वळले. अडचणी बाकी, ०. आणि कोपऱ्यात: राखीव, १६. कामावर. उतारूंना कळलंही नव्हतं.

पहिली ओरडली ती सहा. मग खिडकीतले सगळे एकदम. बाकावरच्या राखिवांनी पत्ते टाकून विचारलं, कोणाला काय झालं? भिंगरी उठून गरागरा फिरली, अगदी लहानपणी फिरायची तशी, आणि बापाच्या गळ्यात पडली. दोनशेतीस तिच्या पाठीवर थोपटत राहिले. तिच्या पांढऱ्या सदऱ्यावर धुळीचा पंजा उमटला.

साहेबांनी तो कागद उचलला, चष्मा लावला आणि पेन्सिलीने एकेक ओळ तपासली. दहा मिनिटं त्यांनी कोणाला श्वास घेऊ दिला नाही. मग ते आपल्या तक्त्याकडे गेले, एक पिवळी पट्टी सरकवून बघितली, मग एक निळी.

"इथून सुरुवात करायची, हे मला कधी सुचलं नाही," ते म्हणाले. "वीस वर्षं." त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. "पोरी, मला हा प्रोग्राम कसा चालतो ते सोमवारी दाखव. सकाळी. मी काम सुरू करतो त्या वेळी."

"म्हणजे अकरा वाजता?"

"साडेदहा," साहेब म्हणाले. "वेळापत्रक बदललंय."

चारच्या ठोक्याला, ना सेकंद आधी ना नंतर, त्यांनी चार टाचण्यांनी भिंगरीचा कागद फळ्यावर लावला. बोटं कागदावरून धावू लागली. सहाचं बोट एका ओळीवर थांबलं, अकराचं दुसऱ्या. मंगळवार. मंगळवार.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"अख्खा दिवस?" सहा म्हणाली. "दोघं? घरात?"

"दर आठवड्याला," अकरा म्हणाला.

"साहेब," सहाने हाक मारली, "तुमचा जुना कागद फाडला तर नाहीत ना?" आणि मग तिने नवऱ्याची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि त्याचा हात धरून, अजून घुरघुरणाऱ्या आपल्या गाडीकडे निघाली.

गर्दी पांगल्यावर दोनशेतीस मशीनसमोर बसले. उत्तराच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवून झाल्या होत्या. "आता राखीव उतरव," ते म्हणाले. "सगळे एकदम. मला बघायचंय."

"बाबा, कशाला उगाच?"

"पुराव्याशिवाय मी कोणाचं ऐकत नाही. माझंसुद्धा."

भिंगरीने बटण दाबलं. टप्प. पडदा काळा, पंखे गप. दोनशेतीसांनी समाधानाने मान डोलावली, एखाद्या वैद्याने नेमकी नस सापडल्यावर डोलवावी तशी. मग मशीन चालू करून ते सेटिंगमध्ये शिरले. सात. सहा. पाच. प्रत्येक पायरी उतरताना त्यांच्या कपाळावर एक आठी पडत होती, पण ते उतरत राहिले. तीनवर थांबले. पुन्हा सोळा राखीव चढवले. मीटरवरचा आकडा वाकला, एक पूर्णांक अठरावर आला. दोनशेतीसांनी तो आकडा मन घट्ट करून बघितला. "उतरव."

पंख्यांचा आवाज खाली आला. आणखी खाली आला. आणि एका मंद, तृप्त घरघरीवर स्थिरावला, जेवून लवंडलेल्या मांजरासारखा. मीटर उठून पुन्हा सव्वावर बसला. पडदा उजळलेलाच होता.

"कमाल आहे," दोनशेतीस म्हणाले. "वाकतो म्हणून टिकतो. आणि मी त्याला कामचुकार म्हणालो."

"माफी मागा त्याची," भिंगरी म्हणाली.

"तिसऱ्या पायरीवर ठेवलं ना? हीच माफी."

संध्याकाळी घरी जेवायला बसले तेव्हा बायकोने तळहाताला मलम लावून दिलं आणि सगळी हकिगत दोनदा ऐकली, पडल्याचा भाग तिसऱ्यांदा. मग तिला आठवलं, की सदऱ्यांना इस्त्री करायची राहिलीय. तिने इस्त्रीचं बटण दाबलं. डोक्यावरचा दिवा किंचित मंद झाला.

तिचा हात सवयीने ताटावर झाकण ठेवायला गेला. दोनशेतीसांनी दिव्याकडे बघितलं. एकदा मीटरच्या कोनाड्याकडे बघितलं. मग भाताचा पुढचा घास केला आणि शांतपणे तोंडात घातला.

"अहो," बायकोने जवळ येऊन त्यांच्या कपाळाला हात लावला, "बरं आहे ना तुम्हाला?"